वेचणे आणि ओरबाडणे
(शताब्दी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा पाठ)



वैशाखाच्या सुमारास बेळगावच्या बाजारात सकाळच्या वेळी एक ओळखीचे दृश्य दिसते. खानापूर, जांबोटी, कणकुंबी आणि चंदगड या पश्चिमेकडील डोंगराळ भागांतून आलेल्या बायका डोक्यावरची पाटी उतरवून रस्त्याच्या कडेला बसतात. पाटीवर ओला पाला आणि पाल्याखाली काळीभोर करवंदे. मराठी गिऱ्हाईक ‘मावशी’ अशी हाक मारून करवंदे मागते. कन्नड गिऱ्हाईक ‘अक्का’ म्हणून कवळीहण्णू मागते. घाट उतरून गोव्यात गेले, की त्याच फळाला कांटां म्हणतात. या सीमाभागात नावांवरून पुष्कळ वाद झाले. परंतु या फळाच्या नावावरून वाद झाल्याचे कोणाच्या ऐकिवात नाही. जो ज्या नावाने मागेल त्याला त्या नावाने ते मिळते, आणि मापट्यावर वरून दोन करवंदे अधिकही मिळतात.

रानमेव्याच्या नावांविषयी आपल्याकडे बरेच लिहिले गेले आहे. ‘डोंगरची काळी मैना’ हे करवंदाचे लाडके नाव लहान मुलांनाही ठाऊक असते. करवंद दातांनी अर्धे तोडून आतला गर लाल निघाला तर कोंबडा आणि पांढरट निघाला तर कोंबडी, हा खेळ या सभागृहातील बहुतेकांनी बालपणी खेळलेला असेल. आजच्या व्याख्यानाचा विषय मात्र त्या फळाच्या नावाहून थोडा पलीकडचा आहे. ते फळ झाडावरून पाटीत आणि पाटीतून पानात येईपर्यंत माणसाच्या हाताने जे काही करावे लागते, त्या क्रियांचा आणि त्या क्रियांसाठी हाताने घडवलेल्या साध्या अवजारांचा हा विषय आहे. या क्रियांना मराठीत स्वतंत्र आणि नेमकी क्रियापदे आहेत. त्यांपैकी वेचणे आणि ओरबाडणे ही दोन क्रियापदे समोरासमोर ठेवली, म्हणजे रानाशी असलेल्या माणसाच्या व्यवहाराचा अर्धा इतिहास उलगडतो.

प्रथम करवंदाच्या जाळीकडे वळू. करवंदाला झाड म्हणण्यापेक्षा जाळी म्हणण्याची रीत आहे आणि ती अत्यंत यथार्थ आहे. काटेरी फांद्या एकमेकींत गुंतून तिचा असा गुंता होतो, की आत शिरलेल्या सशाला बाहेरचे कुत्रे धरू शकत नाही. माघ-फाल्गुनात या जाळीवर पांढरी, सुवासिक फुले येतात. चैत्रात हिरवी फळे धरतात. ती लालसर होत होत वैशाख-ज्येष्ठात काळी होतात. एकाच फांदीवर हिरवे, लाल आणि काळे अशी तिन्ही अवस्थांतील फळे एकाच वेळी असतात, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. सगळी फळे एकदम पिकत नाहीत. त्यामुळे सगळी एकदम तोडताही येत नाहीत. जाळीजवळ पुनःपुन्हा जावे लागते. शिवाय फळ देठापासून सुटताच त्या जागी पांढरा चीक येतो. कच्च्या फळाला तो अधिक असतो. बोटांना बसलेला हा चीक पाण्याने जात नाही. तेलाचे बोट लावले म्हणजे सुटतो.

काटे, चीक आणि आगेमागे पिकणारी फळे या तीन गोष्टींनी करवंद तोडण्याचे तंत्र ठरवून टाकले आहे. डाव्या हातात एक बेचक्याची काठी असते. तिने वरची काटेरी फांदी उचलून धरायची आणि उजव्या हाताच्या तीन बोटांनी आतले पिकलेले फळ तेवढे टिपायचे. फांदी दूर असेल तर आकडी लागते. सरळ वाढलेल्या काठीच्या टोकाला नैसर्गिक बाक असेल, तर ती तशीच्या तशी आकडी होते. नसेल तर एक आखूड काटकी तिरपी बांधून आकडा करतात. आकडीने फांदी जवळ ओढायची, मोडायची नाही. मोडली तर पुढील वर्षी तिथे फळ नाही, हे ओढणाऱ्या हाताला ठाऊक असते. कमरेला ओचा किंवा छोटी दुरडी, सावलीत मोठी टोपली, आणि टोपलीच्या तळाशी पाला. टोपली उंच भरली तर खालची करवंदे वरच्यांच्या भाराने चेंगरतात, म्हणून ती रुंद आणि उथळ असावी लागते. विकण्यासाठी द्रोण करायचे तर पळसाची किंवा सागाची पाने, आणि ती टाचायला नारळाच्या झावळीचा हीर किंवा बांबूची बारीक चोय. विकत आणावे असे या सगळ्यात टोपलीशिवाय फारसे काही नाही, आणि टोपलीही गावाजवळच्या बुरुडाने विणलेली.

अन्य देशांतील अशाच उद्योगाशी याची तुलना उद्बोधक ठरते. स्वीडन आणि फिनलंडच्या वनांत, तसेच अमेरिकेच्या मेन राज्यात ब्लूबेरीच्या कुळातील रानफळे विपुल होतात. ती झुडपे ठेंगणी, जमिनीलगतची आणि बिनकाट्यांची असतात. तिथल्या लोकांनी त्यासाठी एक फणी घडवली. पुढे दाते, मागे डबा आणि वर मूठ. झुडपातून ही फणी खालून वर ओढली, की पाने दातांतून निसटतात आणि फळे अडकून मागच्या डब्यात पडतात. मग ती फळे उतरत्या फळीवरून घरंगळू देतात. गोल फळ खाली जाते, पान आणि काटकी वरच अडकते. आपल्याकडे सुपात धान्य घोळताना हेच तत्त्व वापरले जाते. गोल ते घरंगळते आणि चपटे ते राहते, हे ज्ञान उत्तर ध्रुवाजवळच्या माणसाला आणि सह्याद्रीतल्या बाईला स्वतंत्रपणे झालेले आहे. परंतु फणी ही करवंदाच्या जाळीत चालणार नाही; काटे तिला चालू देणार नाहीत. शिवाय फणी पिकले आणि कच्चे यांत भेद करीत नाही, आणि घाईने ओढली तर पाने व कोवळे शेंडेही घेऊन येते. याच कारणाने युरोपातील काही प्रदेशांत तिच्या वापराला मनाई आहे. अवजार जितके वेगवान, तितका निवडीला अवकाश कमी, असा हा हिशेब आहे.

करवंदे घरी आली म्हणजे निम्मे काम झाले असे वाटते. प्रत्यक्षात उरलेले निम्मे अधिक चिकाटीचे असते. प्रथम टोपलीतली फळे सुपात थोडी थोडी घ्यायची. आता सुपाविषयी दोन शब्द बोलणे आवश्यक आहे. बांबूच्या कांबी तासून, सोलून, विणून केलेले, तीन बाजूंनी काठ आणि एक बाजू उघडी असलेले हे साधन दिसायला अगदी साधे. पण त्याच्या हालचालींना मराठीत किती शब्द आहेत पाहा. वर उडवून फुंकरीने आणि वाऱ्याने हलके ते बाहेर घालवणे म्हणजे पाखडणे. सूप किंचित कलते धरून गोल गोल फिरवणे आणि जड ते एका बाजूला आणणे म्हणजे घोळणे. हिसका देऊन वेगळे करणे म्हणजे आसडणे. उंचावरून वाऱ्यात धार धरणे म्हणजे उफणणे. शेवटी जे उरते ते डोळ्यांनी पाहून बोटांनी वेगळे करणे म्हणजे निवडणे. या पाचही शब्दांना एकच प्रतिशब्द देणाऱ्या भाषेत ही पाच कामेही कदाचित एकच असतील. मराठीत ती पाच आहेत, कारण ती करणाऱ्या हातांना त्यांतले अंतर ठाऊक होते.

करवंदांना पाखडणे सोसत नाही. ती पिकलेली असतील तर फुटतात. म्हणून त्यांना सुपात हलकेच घोळतात. पाने आणि वाळलेल्या काटक्या सुपाच्या तोंडाशी येतात, त्या हाताने काढतात. मग निवडणे. पिकलेली एका बाजूला, लालसर दुसऱ्या बाजूला, हिरवी तिसऱ्या. पिकलेली खाण्यासाठी आणि विक्रीसाठी. ती उन्हाळ्याच्या दिवसांत दोन-तीन दिवसांपलीकडे टिकत नाहीत. हिरवी लोणच्याला आणि चटणीला. धुण्यासाठी रोवळी. रोवळी म्हणजे बांबूची सच्छिद्र टोपली. पाणी खालून निघून जाते आणि फळ आत राहते. ती पाण्याच्या भांड्यात बुडवून दोन-तीनदा हलवली, की धूळ तळाशी बसते, कीड लागलेली हलकी फळे वर येतात आणि मधली चांगली रोवळीत उरतात. हिरवी करवंदे चिरली तर चीक सुटतो. म्हणून ती मिठाच्या पाण्यात टाकतात आणि आतल्या चपट्या बिया काढून घेतात. चिरणाऱ्या बाईच्या बोटांवर तेलाचा हात आधी फिरलेला असतो.

करवंद हाताच्या उंचीवर असते. जांभूळ आणि रातांबा यांची गोष्ट वेगळी, कारण तिथे उंची आहे आणि पाऊस आहे. जांभळाला कन्नडमध्ये नेरळे म्हणतात. ते ज्येष्ठात पिकते आणि पहिल्या जोरदार सरींबरोबर संपते. पिकलेले फळ नुसत्या धक्क्याने गळते आणि खाली पडले की फुटते. म्हणून झाडाखाली जुने लुगडे किंवा चादर चौघांनी चार कोपऱ्यांना धरायची आणि वर चढलेल्याने फांदी हलवायची. चौघे धरणारे असतील तरच हे काम होते. म्हणजे हे अवजार मुळातच एकट्याचे नाही. जांभळीची फांदी ठिसूळ असते. जाड दिसणारी फांदीसुद्धा अवचित मोडते, आणि दरवर्षी कोठे ना कोठे कोणीतरी पडते. उंचावरची फळे अलगद उतरवण्यासाठी झेला असतो. लांब बांबूच्या टोकाला वेताचे किंवा लोखंडी कडे आणि त्याला सुताची जाळी. फळ जाळीत घ्यायचे आणि हलका हिसका द्यायचा. फळ जमिनीवर पडत नाही, ते झेलले जाते. साधनाचे नावच त्याच्या कामावरून पडलेले आहे.

रातांब्याला गोव्यात भिरंड म्हणतात आणि कन्नडमध्ये मुरुगल. त्याच्या बाबतीत सफाई आणि टिकवण हे एकच काम होऊन बसते. पिकलेला रातांबा दोन भागांत फोडतात. साल एकीकडे, बियांसह गर दुसरीकडे. गरात मीठ घालून त्याचा रस सुटू देतात आणि उन्हात वाळवलेल्या साली पुन्हा त्या रसात बुडवतात. पुन्हा ऊन, पुन्हा रस. असे अनेक पुट दिले म्हणजे आमसूल तयार होते. उरलेला खारट रस म्हणजे आगळ. बिया धुऊन, वाळवून, फोडून, कुटून आणि पाण्यात उकळून वर येणारे तूप काढतात. त्याचे मुठीने गोळे वळतात, म्हणून त्याला मुठेल म्हणतात. या फळातले फेकून देण्यासारखे जवळजवळ काहीच राहत नाही. मात्र हे सगळे पावसाआधी व्हावे लागते. ढग दाटून आले की अंगणातल्या साली गोळा करण्यासाठी घरातली लहानथोर माणसे धावतात, आणि एखादे वर्ष असे येते, की साली काळ्या पडतात आणि सगळे श्रम वाया जातात. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक निर्देशांक लाभला, त्यामागे अशा असंख्य अंगणांतले हे श्रम आहेत.

येथवर वेचणे या क्रियेविषयी झाले. आता ओरबाडणे. त्यासाठी सह्याद्री सोडून सातपुड्यात आणि विदर्भाच्या रानात जावे लागेल, कारण तिथे चारोळीच्या झाडाने हे दुसरे क्रियापद अंगावर सोसले आहे. मध्य प्रदेशातील मराठी कुटुंबांना आणि विदर्भातील वाचकांना हे झाड परिचयाचे आहे. बासुंदीवर पसरलेली चारोळी आपण विकत आणतो, तेव्हा ती एका लहान रानफळाच्या कठीण आठळीतून निघालेली आहे हे सहसा मनात येत नाही. या फळाला चार म्हणतात. ते चैत्र-वैशाखात पिकते. गोंड, कोरकू आणि इतर वननिवासी ते गोळा करतात, रात्रभर पाण्यात भिजवतात आणि सकाळी हातांनी किंवा गोणपाटावर चोळून वरचा गर काढतात. धुतलेल्या आठळ्या उन्हात वाळतात. त्यानंतरचे काम कसोटीचे. आठळी फुटली पाहिजे, पण आतले बी अखंड राहिले पाहिजे. त्यासाठी दगडी जाते वापरतात. जात्याच्या दोन पाळूंतील अंतर आठळीच्या मापाचे ठेवावे लागते. पाळू फार दाबली तर पीठ होते आणि फार उचलली तर आठळी जशीच्या तशी बाहेर येते. हे अंतर कोणत्याही मापपट्टीने ठरत नाही. जाते ओढणाऱ्या हाताला दगडाचा आवाज सांगतो. मग सूप येते, टरफले पाखडली जातात आणि अखेरीस निवडणे.

अशी ही चारोळी बाजारात मोलाने विकली जाते, आणि मोल वाढले तशी घाई वाढली. फळ पूर्ण पिकण्याची वाट पाहिली, तर आपल्या आधी दुसरा कोणी तोडून नेईल, या धास्तीने ते हिरवे असतानाच तोडले जाऊ लागले. हिरव्या फळातले बी अपुरे भरलेले असते, म्हणजे तोडणाऱ्यालाही भाव कमी मिळतो. चढून तोडायला वेळ लागतो म्हणून कित्येक ठिकाणी फांद्याच छाटल्या गेल्या. पिकून गळलेले फळ जमिनीवर उरले नाही म्हणून नवी रोपेही उगवेनाशी झाली. मध्य भारतातील अनेक रानांतून हे झाड विरळ होत गेल्याचे अभ्यासक सांगतात. इथे ‘लोभ’ हा एक शब्द उच्चारून मोकळे होणे सोपे आहे. परंतु त्याने त्या वननिवासी माणसावर अन्याय होईल. जे झाड आपले आहे याची खात्री असते, त्याचे फळ पिकेपर्यंत माणूस थांबतो. उद्या ते आपले राहील याचा भरवसा नसेल, तर तो आजच ओरबाडतो. वेचण्यासाठी अवजाराइतकाच हक्क लागतो.

या हक्काला कायद्याने मान्यता मिळण्यास फार उशीर झाला. २००६ साली संसदेने अनुसूचित जमाती आणि इतर पारंपरिक वननिवासी यांच्या वनहक्कांना मान्यता देणारा अधिनियम संमत केला. परंपरेने गोळा केल्या जाणाऱ्या गौण वनोपजावर गोळा करणाऱ्यांची मालकी आहे, हे त्यात स्पष्ट शब्दांत नमूद झाले. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गावाला २००९ साली आपल्या रानावर सामूहिक हक्क मिळाला आणि त्या गावाच्या ग्रामसभेने आपल्या बांबूची विक्री स्वतः केली, ही घटना सर्वश्रुत आहे. २०१३-१४ मध्ये केंद्र शासनाने काही वनोपजांना किमान आधारभूत किंमत देण्याची योजना सुरू केली. तिच्या आरंभीच्या यादीतही चारोळीचा समावेश होता. कायदा झाला म्हणून प्रत्येक गावाला हक्क मिळाला असे नाही, हे खरेच. तथापि गौण या शब्दाचा अर्थ बदलण्यास त्यामुळे आरंभ झाला. सरकारी दप्तरात जे गौण, ते कित्येक कुटुंबांच्या उन्हाळ्यातील प्रमुख उत्पन्न असते.

आपल्या भागातही हाच प्रश्न निराळ्या रूपाने उभा आहे. खानापूर तालुक्यात २०११ साली भीमगड अभयारण्य घोषित झाले. वाघ, अस्वल आणि दुर्मीळ वटवाघळे यांच्यासाठी ते आवश्यक होते. पण अभयारण्य म्हटले, की रानातून काय आणावे आणि काय आणू नये याचे निर्बंध आले. करवंद आणि जांभूळ ही अस्वलाचीही आवडती फळे आहेत. पहाटे जाळीशी गेलेल्या बाईला अस्वल भेटणे ही या भागात केवळ गोष्टीतली घटना नव्हे. दुसरीकडे, घाटाखाली दोडामार्गाच्या पट्ट्यात रबर आणि अननस यांच्या लागवडीसाठी रानाचे मोठमोठे तुकडे साफ झाले. यंत्राने जमीन सपाट करताना करवंदाची जाळी ही केवळ अडगळ असते. त्या जाळीच्या काट्यांआड गुरांच्या तोंडापासून वाचून एखादे ऐनाचे किंवा जांभळाचे रोप वर येत असते, बुलबुलाने फळ खाऊन दूरवर बी टाकलेले असते, हा हिशेब यंत्राच्या मोजमापात येत नाही. जाळीला मालक नसतो, म्हणून तिची नुकसानभरपाईही कोणी मागत नाही.

इतके बोलल्यावर एक आक्षेप स्वाभाविकपणे पुढे येईल. हातांची अवजारे, सूप, रोवळी आणि जाते यांचे गोडवे गाणे शहरातील वाचकाला सोपे आहे. परंतु पहाटे चार वाजता उठून, काट्यांनी हात ओरखडून, उन्हात कोसभर चालून आणलेल्या पाटीची किंमत दुपारपर्यंत निम्म्यावर येते, हे त्या बाईला विचारावे. हा आक्षेप पूर्णतः रास्त आहे. पिकलेले करवंद टिकत नाही, म्हणून दुपारनंतर भाव ठरवणारा गिऱ्हाईक असतो, विकणारी नसते. कष्ट जपून ठेवावेत असे कोणीही म्हणू नये. जपायची आहे ती त्या कष्टातील निवड.

कष्ट कमी करूनही निवड राखता येते, याचे उत्तम उदाहरण कोकणात आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘नूतन झेला’ या नावाचा सुधारित झेला तयार केला. त्याच्या कड्याला पाती असते. त्यामुळे आंबा देठासकट कापला जातो, चीक फळावर ओघळत नाही आणि फळ जाळीत सुरक्षित उतरते. अवजार बदलले, पण झेलणे हे क्रियापद बदलले नाही. याच विद्यापीठाने करवंदाची ‘कोकण बोल्ड’, जांभळाची ‘कोकण बहाडोली’ आणि कोकमाची ‘कोकण अमृता’ या जाती लागवडीसाठी दिल्या. म्हणजे बांधावरही हा मेवा येऊ शकतो आणि रानावरचा भार हलका होऊ शकतो. गावातच रस, सरबत, लोणचे आणि मुरंबा तयार करण्याची सोय झाली, तर दुपारच्या पडत्या भावाला पर्याय मिळतो. काटेरी जाळीसाठी हलकी, लांब मुठीची कात्री, कोपरापर्यंतचे जाड हातमोजे आणि पाटीऐवजी एकावर एक रचता येणाऱ्या उथळ करंड्या या काही फार खर्चाच्या गोष्टी नाहीत. बाजारात सावलीचा एक ओटा मिळाला, तर तोही अवजाराइतकाच उपयोगी ठरेल.

श्रोतेहो, शंभर वर्षे पूर्ण करणाऱ्या ग्रंथालयात हा विषय का मांडावा, याचे उत्तर आता द्यावयास हवे. या कपाटांत मोल्सवर्थचा कोश आहे. त्याची पहिली आवृत्ती १८३१ साली आणि सुधारून वाढवलेली दुसरी १८५७ साली निघाली. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत प्रसिद्ध झाला. या कोशकारांनी पोथ्यांतून शब्द घेतले, तसेच ते शेतकऱ्यांच्या, कारागिरांच्या आणि घरातील बायकांच्या तोंडूनही घेतले. म्हणूनच बोलीतल्या असंख्य शब्दांना छापील पानावर जागा मिळाली. परंतु कोशात शब्द सापडणे आणि तो जिवंत असणे यांत फरक आहे. पाखडणे आणि घोळणे यांतील अंतर आजच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याला कोशाशिवाय सांगता येत नाही. त्याच्या आजीला ते कोशाशिवायच ठाऊक होते. ज्या घरात निवडलेले धान्य पिशवीतून येते, त्या घरात सूप भिंतीवर शोभेला टांगले जाते, आणि सुपाबरोबर पाच क्रियापदेही भिंतीवर जातात.

वेचणे या शब्दाचीही एक गंमत आहे. संतांच्या मराठीत वेचणे म्हणजे खर्च करणे, आणि आजच्या बोलीत वेचणे म्हणजे एकेक करून गोळा करणे. व्युत्पत्तीच्या दृष्टीने हे दोन शब्द निराळे असले, तरी रानात ते एकत्र येतात. जो वेचतो तो आपला वेळ वेचतो, पाय वेचतो, दृष्टी वेचतो. ओरबाडणाऱ्याला यांतले काहीच खर्चावे लागत नाही. त्याचा खर्च झाड सोसते आणि पुढच्या वर्षी येणारा माणूस सोसतो.

या निमित्ताने वाचनालयापुढे एक छोटीशी सूचना ठेवावीशी वाटते. या ग्रंथालयाच्या सभासदांत शिक्षक आहेत, पत्रकार आहेत, निवृत्त अधिकारी आहेत आणि उत्साही विद्यार्थीही आहेत. पश्चिमेकडील गावांतून बाजारात येणाऱ्या या बायकांकडून त्यांच्या कामाचे शब्द, अवजारांची नावे, ती करण्याची रीत आणि झाडांविषयीचे त्यांचे नियम मराठी, कन्नड आणि कोकणी अशा तिन्ही भाषांत टिपून घेता येतील. कोणत्या जाळीवर किती फळ ठेवावे, पक्ष्यांसाठी कोणत्या फांद्या सोडाव्यात, फळ कोणत्या दिवसाआधी तोडू नये, यांविषयी प्रत्येक गावाचे काही संकेत असतात आणि ते फारसे कोठे लिहिलेले नसतात. त्या संग्रहावर सांगणारीचे नाव तिच्या संमतीने लेखिका म्हणून घातले जावे, आणि त्याची एक प्रत तिच्या गावच्या शाळेत ठेवली जावी. दुसऱ्या शतकात पाऊल टाकणाऱ्या ग्रंथालयाला हे काम शोभणारे आहे. त्याला मोठा निधी लागणार नाही. एक वही, एक ध्वनिमुद्रण यंत्र आणि बाजारात सकाळी लवकर जाण्याची तयारी पुरेल.

ते काम करताना एक पथ्य मात्र पाळावे लागेल. माहिती हीसुद्धा वेचायची असते. सकाळच्या विक्रीच्या वेळी प्रश्नांची सरबत्ती केली, तर त्या मावशीची गिऱ्हाइके परत जातील. आधी करवंदे विकत घ्यावीत, भावात घासाघीस करू नये, पाटी रिकामी होऊ द्यावी आणि मग शेजारी बसून विचारावे. तिला जे सांगावेसे वाटेल तेवढे घ्यावे. उरलेले पुढच्या खेपेसाठी, पुढच्या वैशाखासाठी ठेवावे. जाळीवरची हिरवी फळे ती स्वतः अशीच ठेवून येते.